रोगजंतूंचा रस्ता आणि प्लेगचा धडा

आपल्या त्वचेवर, आतड्यात, मातीत, पाण्यात आणि हवेत असंख्य सूक्ष्मजीव सदैव असतात. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी आहेत आणि कित्येक तर उपकारक आहेत. दुधाचे दही होते, इडलीचे पीठ फुगते, शेणाचे खत होते, हे सारे त्यांचेच काम. माणसाला आजारी पाडणारे सूक्ष्मजीव त्या मानाने फार थोडे. त्यांना आपण रोगजंतू म्हणतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचे लुई पाश्चर आणि जर्मनीचे रॉबर्ट कॉख यांनी विशिष्ट रोगामागे विशिष्ट जंतू असतो हे सिद्ध केले. कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. कॉलऱ्याच्या जंतूवरील त्यांचे महत्त्वाचे संशोधन १८८४ साली आपल्या देशात, कलकत्त्यात झाले. जंतू सापडला की रोग कळला, अशी तेव्हापासून आपली समजूत झाली. परंतु ही समजूत अर्धीच खरी आहे. जंतू एका देहातून दुसऱ्या देहात कसा जातो हे जोपर्यंत कळत नाही, तोपर्यंत केलेला उपाय पुष्कळदा वाया जातो आणि कधी कधी रोग्यावरच उलटतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई आणि पुण्यात आलेली प्लेगची साथ.

जंतू आणि पोशिंदा

जो प्राणी रोगजंतूला आपल्या देहात आश्रय आणि अन्न देतो, त्याला जीवशास्त्रात 'पोशिंदा' म्हणतात. अर्थात हा पोशिंदा राजीखुशीचा नसतो. जंतूच्या दृष्टीने पाहिले तर पोशिंद्याला मारणे हा त्याचा हेतू नाही. त्याला हेतूच नसतो. तो वाढतो, एकाचे दोन होतो आणि जो जंतू पुढच्या देहात पोहोचतो त्याचाच वंश टिकतो. पोशिंदा मेला आणि जंतू बाहेर पडू शकला नाही, तर जंतूचाही तेथेच शेवट होतो.

म्हणून कोणत्याही संसर्गजन्य रोगाबद्दल विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. जंतू देहातून कोणत्या वाटेने बाहेर पडतो? तो कशावर स्वार होऊन प्रवास करतो? आणि नव्या देहात कोणत्या दाराने शिरतो? कॉलऱ्याचा जंतू जुलाबावाटे बाहेर पडतो, पाण्यातून किंवा अन्नातून जातो आणि तोंडावाटे आत येतो. हिवतापाचा जंतू रक्तातून डासाबरोबर जातो आणि डासाच्याच डंखाने परत रक्तात येतो. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की रोग कोठे अडवायचा हे आपोआप कळते.

मांडवीतील ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना एक वेगळाच ताप दिसू लागला. रोग्याला एकाएकी कडाक्याचा ताप भरे, जांघेत किंवा काखेत अवधाण येऊन दुखरी गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. डॉ. व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी भरलेला आणि दाट वस्तीचा भाग. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची मोठी साथ आली होती. तेथून जहाजांच्या मार्गाने रोग मुंबईस आला, असे मानले जाते.

जंतू तोपर्यंत अज्ञात राहिलेला नव्हता. हाँगकाँगच्या साथीतच, १८९४ साली, अलेक्झांडर येर्सिन यांनी रोग्याच्या गाठीतून प्लेगचा जंतू वेगळा केला होता. आज तो जंतू त्यांच्याच नावावरून 'येर्सिनिया पेस्टिस' म्हणून ओळखला जातो. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा गुन्हेगाराचे नाव ठाऊक होते. तो कोणत्या वाहनातून फिरतो, हे मात्र ठाऊक नव्हते.

रस्ता न कळता केलेले उपाय

सरकारने आपल्या समजुतीप्रमाणे जोरदार मोहीम उघडली. रोग घाणीतून, दूषित हवेतून आणि माणसाच्या संपर्कातून पसरतो असा कयास होता. घरे कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली, भिंतींना चुना दिला गेला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता आली. (२०२० साली कोविडच्या वेळीही याच कायद्याचा आधार घेतला गेला.)

पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर शिरून झडती घेऊ लागले. स्त्री-पुरुषांना तपासायचे, संशयिताला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचे, सामान बाहेर काढून जाळायचे, असा प्रकार सुरू झाला. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आपण वाचतो. त्या पाठाची वैद्यकीय बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. ती अशी की, झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले, रोगी घेऊन गाव सोडू लागले आणि त्यांच्या बोचक्यांतून, धान्याच्या पोत्यांतून रोगाचे खरे वाहन नव्या गावी पोहोचू लागले.

याच काळात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याजवळ उभारलेल्या दवाखान्यात त्या स्वतः राबत होत्या. ज्याला नातलगही हात लावायला भीत होते, त्या रोग्याला त्यांनी हात लावला. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. पिसू प्लेग पसरवते हे प्रयोगाने दाखवले जाण्यास तेव्हा अजून एक वर्षाहून अधिक अवकाश होता. रोग्याजवळ जाताना कशापासून सांभाळायचे हे तेव्हाच्या वैद्यकाला खात्रीने ठाऊक नव्हते. ज्ञान उशिरा आले तर त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपण या ठिकाणी करावा.

त्याच सुमारास मुंबईत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव चालवीत आहे. लसीमुळे काही प्रमाणात संरक्षण मिळाले, पण रोगाचा रस्ता उघडाच राहिला.

लोकांना काय दिसत होते?

खेड्यापाड्यांतील लोकांनी एक गोष्ट केव्हाच हेरली होती. गावात आधी 'उंदीर पडू लागतात', म्हणजे छपरातून, बिळातून झिंगत बाहेर येऊन मरतात आणि दहा-पंधरा दिवसांनी माणसे पडू लागतात. म्हणून उंदीर पडताना दिसले की पुष्कळ गावे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. घरातला उंदीर मागेच राहत असल्याने हा उपाय खरोखर गुणकारी होता. पुस्तकी शास्त्र अजून चाचपडत असताना अनुभवाने लोकांना हे शिकवले होते.

याउलट दुसरीही एक रीत होती. पटकीसारखी साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे ढकलून द्यायचा. साथ एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, हे निरीक्षण बरोबर होते. ती कोणत्या गाड्यात बसून जाते, हे मात्र चुकले होते. निरीक्षणाला कारणाची जोड मिळाली नाही की त्याची अंधश्रद्धा होते आणि कारण शोधले की त्याचेच शास्त्र होते.

कराचीतील प्रयोग

पॉल लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर येर्सिन यांच्यानंतर भारतात प्लेगचा अभ्यास करण्यासाठी आले. काही रोग्यांच्या पायावर त्यांना बारीक फोड दिसले आणि त्या फोडांत प्लेगचे जंतू सापडले. हे पिसू चावल्याचे ठिकाण असावे, असा त्यांना संशय आला. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते, पण पिसू जाळीतून उडी मारू शकत होती. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. बरणीत पिसवाच नसतील तर मात्र निरोगी उंदीर निरोगीच राहिला.

इतका स्वच्छ पुरावा असूनही बड्या तज्ज्ञांनी तो कित्येक वर्षे मान्य केला नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने शेकडो प्रयोग केले, तेव्हा उंदीर आणि पिसू यांची साखळी निर्विवाद सिद्ध झाली. दरम्यान साथ देशभर पसरली होती. १८९६ नंतरच्या पाव शतकात भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

पिसूच्या पोटात आणि माणसाच्या देहात

प्लेग हा मुळात उंदरांचा आणि रानातील कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग आहे. प्लेगच्या उंदराचे रक्त पिसूने प्याले की जंतू तिच्या पोटात वाढतात. त्यांचा चिकट गोळा तयार होतो आणि पोटाच्या तोंडाशीच बूच बसते. ही गोष्ट १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवून दिली. बूच बसल्यावर पिसू कितीही प्याली तरी रक्त पोटात उतरत नाही. ती उपाशी राहते, भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात आत न गेलेले रक्त जंतूंसह जखमेत परत फेकते. बूच पूर्ण बसण्यापूर्वीही काही वेळा पिसू रोग देऊ शकते, असे अलीकडील संशोधनात दिसले आहे.

उंदीर जिवंत आणि अंगाने गरम असेपर्यंत पिसू त्याला सोडत नाही. तो मरून थंड पडला की ती दुसरा पोशिंदा शोधते. घरातले उंदीर संपले की जवळ उरतो तो माणूस. उंदीर पडल्यानंतर काही दिवसांनी माणसे का पडतात, याचे उत्तर हे आहे.

पिसू बहुधा पायाला चावते. तेथून जंतू लसिकावाहिन्यांतून जांघेतील ग्रंथीत जातात. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना गिळून मारू पाहतात. परंतु पिसूच्या थंड देहातून माणसाच्या ३७ अंश सेल्सिअसच्या ऊबेत येताच हा जंतू आपले वागणे बदलतो. तो स्वतःभोवती संरक्षक आवरण तयार करतो आणि पांढऱ्या पेशींत अशी द्रव्ये टोचतो की त्यांना त्याला गिळणेच जमेनासे होते. पहारेकरी असा निकामी झाल्यावर जंतू ग्रंथीत बेसुमार वाढतात, ग्रंथी सुजते, तीच प्लेगची गाठ. तेथून ते रक्तात उतरले की सर्व देहात विष पसरते. पिसू रक्ताचा अगदी सूक्ष्म थेंब पिते. तेवढ्या थेंबात पुरेसे जंतू जायचे तर उंदराच्या रक्तात त्यांची गर्दी प्रचंड असावी लागते. प्लेग इतका घातक का, याचे एक कारण त्याच्या या प्रवासाच्या रीतीतच दडलेले आहे.

गाठीच्या प्लेगचा रोगी सहसा शेजाऱ्याला थेट रोग देत नाही. जंतूच्या दृष्टीने तो आडवाटेचा पोशिंदा होय. ज्याच्यामागे सोजीर लागले होते, तो रोगी बहुतांशी निरुपद्रवी होता आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, तो उंदीर छपरात मोकळा फिरत होता.

रस्ता बदलतो तेव्हा

मात्र जंतू रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचला तर चित्र पालटते. अशा रोग्याच्या खोकल्यातील तुषारांतून प्लेग थेट माणसाकडून माणसाकडे जातो. पिसूची गरज उरत नाही. हा फुफ्फुसाचा प्लेग होय. त्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर रोगी जवळजवळ वाचतच नाही. जंतू एकच, पण वाहन बदलले की सावधगिरीही बदलावी लागते. येथे मात्र रोग्याला वेगळे ठेवणे आणि तोंडाला मास्क लावणे आवश्यक ठरते.

१९९४ साली आपल्याला हे दोन्ही प्रकार ऐकावे लागले. १९६६ नंतर भारतात प्लेगची नोंद नव्हती. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात सोडून दिलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असे एक कारण सांगितले जाते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात पिसवांचा उपद्रव झाला, उंदीर मेले आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. लाखो लोक शहर सोडून पळाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. शंभर वर्षांपूर्वीची घबराट पुन्हा दिसली. परंतु या वेळी औषध होते आणि जंतूचा रस्ता ठाऊक होता, म्हणून साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. नंतरच्या वर्षांत सुरत महापालिकेने केलेली शहर सफाई देशभर वाखाणली गेली.

रस्ता कळल्यावर उपाय कसे बदलतात

आज प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी प्रतिजैविके आहेत. लवकर सुरू केली तर बहुसंख्य रोगी बरे होतात. परंतु औषधाइतकाच उपायांचा क्रमही महत्त्वाचा आहे. उंदीर पडू लागले म्हणून घाईने उंदीर मारत सुटणे घातक ठरते, कारण मेलेल्या उंदरांवरील उपाशी पिसवा माणसांकडे वळतात. म्हणून आधी बिळांवर आणि घरात कीटकनाशक टाकून पिसवा मारायच्या, उंदीर त्यानंतर. मेलेल्या उंदराला हाताने उचलायचे नाही. एकाच वेळी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर ताबडतोब आरोग्य खात्याला कळवायचे. एवढी एक बातमी वेळेवर पोहोचली तर अख्खे गाव वाचू शकते आणि ती देण्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही.

इतर रोग, हाच नियम

हाच नियम आपल्या रोजच्या रोगांना लावून पाहावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्याने लेप्टोस्पायरोसिस होतो, कारण उंदीर, घुशी आणि गुरे यांच्या मूत्रातील जंतू त्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून आत शिरतात. तेथे रस्ता पाण्याचा आहे, म्हणून पायात गमबूट हवेत. डेंग्यूचा डास घरातील पिंपात आणि कुंडीखालच्या बशीत वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करावी. कोविडच्या पहिल्या महिन्यांत आपण भाजी आणि टपाल धूत बसलो. तो रोग प्रामुख्याने हवेतून पसरतो हे पटल्यावर खिडक्या उघडण्याचे महत्त्व कळले.

क्षयाच्या बाबतीत तर आपले वागणे अजूनही सुधारलेले नाही. फुफ्फुसाच्या क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या देहात जातात. ताट, वाटी, कपडे किंवा हस्तांदोलन हा त्यांचा रस्ता नव्हे. तरीही कित्येक घरांत रोग्याचे ताट वेगळे मांडतात, सुनेला माहेरी धाडतात आणि खिडकी मात्र बंदच ठेवतात. खरे पाहता खिडकी उघडावी, खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि औषधांचा संपूर्ण क्रम पुरा करावा. औषधांना दाद देणारा क्षय असेल तर नियमित उपचार सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत रोगी बहुधा इतरांना संसर्ग देत नाही. औषध मध्येच सोडले तर मात्र उरलेले चिवट जंतू बळावतात आणि मग साध्या औषधांना दाद देत नाहीत. एचआयव्हीचा विषाणूही स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने पसरत नाही.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना विनाकारण दूर बसवले गेले, त्यांनी तरी कोणत्याही रोग्याला विनाकारण दूर बसवू नये. जेथे अंतर खरोखर आवश्यक आहे तेथे ते काटेकोर पाळावे, जेथे नाही तेथे ते मोडून काढावे. या दोहोंतील फरक जंतूचा रस्ता ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

आपल्या वस्तीत उद्या कोणतीही साथ आली तर विद्यार्थ्यांनी आधी तेच तीन प्रश्न विचारावेत : जंतू कोठून बाहेर पडतो, कशावरून जातो, कोठून आत येतो. उत्तर माहीत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे आणि मिळालेले उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांना, शेजाऱ्यांना समजावून सांगावे. १८९७ साली हे उत्तर खात्रीने कोणाला देता येत नव्हते. आज ते शाळेच्या पुस्तकात आहे. ते घरोघर पोहोचवणे, एवढेच काम आपल्यावर उरले आहे.